रेट कट झाला तरी बाजार का पडतो? व्याजदराच्या निर्णयाचं नेमकं कुठे काय होतं

प्रश्न असा आहे की सेंट्रल बँकेने व्याजदर कमी केले की शेअर आणि बॉन्ड (कर्जरोखे) दोन्ही वर जायला पाहिजेत असं सगळीकडे वाचायला मिळतं, मग कितीतरी वेळा दर कमी होऊनही बाजार पडतो आणि वाढवले तरी चढतो ते कसं काय? आणि पॉलिसीच्या म्हणजे व्याजदराच्या निर्णयाच्या तोंडावर डेट फंडात, म्हणजे बॉन्डमध्ये पैसे लावणाऱ्या फंडात, पैसे टाकावेत का? मी बरीच वर्षं बँकेच्या ट्रेझरीत बॉन्ड डेस्कवर काम करते, त्यामुळे उत्तर लांबणार आणि थोडं बॉन्डच्या बाजूने झुकणार, हे आधीच सांगून ठेवते.

मुद्दा असा की जाहीर होणारा आकडा ही त्या दिवसातली सगळ्यात शिळी बातमी असते. बाजार हलतो तो दोन गोष्टींनी, अपेक्षेपेक्षा वेगळं काय झालं आणि इथून पुढे दर कुठे जाणार याचा अंदाज किती बदलला. १५ जून २०२२ चं घ्या. अमेरिकेच्या सेंट्रल बँकेने, म्हणजे फेडने, एका झटक्यात पाऊण टक्का दर वाढवला, १९९४ नंतरची सगळ्यात मोठी वाढ, आणि तिथला मोठा शेअर इंडेक्स एस अँड पी ५०० त्या दिवशी चक्क वर बंद झाला. कारण १० जूनला महागाईचा आकडा ८.६ टक्के आला होता, त्यानंतर दोन-तीन दिवसांतच अर्धा नाही पाऊण टक्का येणार हे बाजाराने धरून टाकलं होतं आणि जी काही पडझड व्हायची ती तेव्हाच होऊन गेली होती. निर्णयाच्या दिवशी फक्त सुस्कारा. (दुसऱ्या दिवशी मात्र इंडेक्स तीन टक्क्यांहून जास्त आपटला, तेव्हा त्या सुस्काऱ्यावर कुणी फार विसंबू नये.)

आता हे "धरून टाकलं" म्हणजे नेमकं काय, ते बघू, कारण बरेच लोक याला हवेतली गोष्ट समजतात. ती हवेत नसते, तिचा भाव स्क्रीनवर दिसत असतो. समजा सध्याचा दर ४ टक्के आहे आणि पुढच्या बैठकीनंतरच्या काळासाठीचं व्याजदराचं फ्युचर (पुढच्या दरावर आज होणारा सौदा) ९६.२० ला चाललंय. हे फ्युचर १०० वजा दर असं कोट होतं, म्हणजे बाजार ३.८० टक्के दर गृहीत धरतोय, म्हणजेच ०.२० ची कपात. कपात झाली तर पाव टक्काच होणार असं मानलं तर ०.२० भागिले ०.२५, म्हणजे ८० टक्के शक्यता आधीच भावात आली. आता गंमत बघा, कपात झाली तर बाजाराला नवीन मिळणार फक्त ०.०५, आणि नाही झाली तर उलट दिशेने ०.२० चा धक्का. म्हणून सगळ्यांनाच कपात हवी असते आणि सगळेच तिची वाट बघत असतात तेव्हा कपातीच्या आशेवर आदल्या दिवशी खरेदी करणं हा महागडा सौदा असतो, मिळाला तर चिल्लर आणि गेला तर नोट. ज्या देशात असं फ्युचर नीट चालत नाही तिथे ओव्हरनाइट इंडेक्स स्वॅप म्हणजे ओआयएस (एका रात्रीच्या दराच्या बदल्यात ठरलेला दर देण्या-घेण्याचा करार) बघतात, हिशोब तोच. यावर २००५ साली प्रसिद्ध झालेला एक गाजलेला अभ्यास आहे, लिहिणाऱ्यांपैकी एक बेन बर्नान्के, जे पुढच्याच वर्षी फेडचे प्रमुख झाले. त्यात निघालं की अनपेक्षित पाव टक्का कपात झाली तर शेअर इंडेक्स साधारण एक टक्का वर जातो. यातला "अनपेक्षित" हा शब्द लोक गाळतात आणि तिथेच सगळा घोळ होतो.

दुसरी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ, सेंट्रल बँक नेमकं ठरवते काय? तर फक्त एका रात्रीच्या किंवा फार तर काही दिवसांच्या उसनवारीचा दर. बस्स. १० वर्षांचं सरकारी यील्ड (म्हणजे आजच्या भावाला बॉन्ड घेतला तर वर्षाला मिळणारा परतावा), होम लोनचा दर, कंपन्यांच्या बॉन्डचा दर, डॉलरचा भाव, यातलं काहीच ती थेट ठरवत नाही. आणि तो एका रात्रीचा दरसुद्धा नुसता जाहीर करून भागत नाही, सिस्टिममध्ये पैसा किती ठेवायचा हे सांभाळावं लागतं. बँकांकडे रोकड तुंबली असेल तर ओव्हरनाइट रेट पॉलिसी रेटच्या खाली घसरतो, चणचण असेल तर वर जातो. याचं भारतातलं जुलै २०१३ चं उदाहरण आमच्याकडे नवीन आलेल्या प्रत्येक पोराला सांगितलं जातं. मे महिन्यात बर्नान्केंनी बॉन्डखरेदी हळूहळू कमी करू असं नुसतं सूचित केलं, दर वगैरे काही वाढवला नाही, आणि तिकडे अमेरिकेत १० वर्षांचं यील्ड चढायला लागलं, इकडे रुपया घसरायला लागला. कुणाची म्हैस आणि कुणाला उठबैस, तशातली गत. रिझर्व्ह बँकेने १५ जुलैला काय केलं, तर रेपो रेट (आपल्याकडचा पॉलिसी रेट) ७.२५ वर तसाच ठेवला, पण ज्या खिडकीतून बँका अडीअडचणीला पैसे उचलतात त्या एमएसएफचा दर दोन टक्क्यांनी वाढवून १०.२५ केला आणि रेपोवर मिळणाऱ्या पैशाला ७५,००० कोटींची मर्यादा घातली. कागदावर पॉलिसी रेट जागच्या जागी, प्रत्यक्षात बाजारातला दर कुठल्या कुठे. त्या दिवशी फक्त रेपोची हेडलाइन वाचून जो थांबला त्याला वाटलं काहीच झालं नाही.

आता बॉन्ड. यील्ड वाढलं की किंमत पडते हे पाठ असतं सगळ्यांना, पण किती पडते ते एकदा आकड्यात बघितलं की बाकीचं सगळं सोपं होतं. १०० दर्शनी किमतीचा बॉन्ड, वर्षाला ७ टक्के व्याज, यील्ड पण ७, म्हणून भाव १००. यील्ड ८ झालं तर १ वर्षाच्या बॉन्डचा भाव होतो ९९.०७, १० वर्षांच्याचा ९३.२९ आणि ३० वर्षांच्याचा ८८.७४. बदल तोच एक टक्क्याचा, पण एकाचं रुपयाला पैसा गेला आणि दुसऱ्याचं सव्वाअकरा टक्के भांडवल. उलट बाजूनेही बघा, १० वर्षांच्या बॉन्डचं यील्ड ७ वरून ६ झालं तर भाव १०७.३६, म्हणजे मिळतात ७.३६ आणि जातात ६.७१. हा छोटासा फरक बॉन्डवाल्याच्या बाजूने असतो, त्याला कॉन्व्हेक्सिटी म्हणतात, आणि लांबच्या मुदतीच्या बॉन्डमध्ये तो चांगला जाणवतो.

पण खरी मेख पुढे आहे. पॉलिसी रेट कमी झाला म्हणून १० वर्षांचं यील्ड कमी होईलच असं अजिबात नाही. १० वर्षांचं यील्ड म्हणजे पुढच्या १० वर्षांतल्या सगळ्या छोट्या दरांची बाजाराने काढलेली सरासरी, आणि त्यावर इतका लांब काळ पैसे अडकवायचे म्हणून मागितलेला जादा मोबदला. त्या मोबदल्यात महागाईची भीती येते, सरकार किती कर्ज काढणार हे येतं, आणि घेणारे गिऱ्हाईक किती आहेत हेही येतं. फेडने १८ सप्टेंबर २०२४ ला अर्धा टक्का कापला, नोव्हेंबर आणि डिसेंबरला पाव-पाव टक्का, एकूण पूर्ण एक टक्का. त्याच काळात १० वर्षांचं यील्ड साधारण ३.६५ वरून जानेवारी २०२५ च्या मध्यापर्यंत ४.८० च्या आसपास गेलं. छोटा दर टक्काभर खाली आणि लांबचा टक्काभर वर! सप्टेंबरच्या आधी बाजार मंदीला घाबरला होता आणि भराभर कपात होणार असं धरून बसला होता, मग नोकऱ्यांचे आकडे सुधारले, निवडणूक आली, सरकारी तुटीची आणि आयात शुल्काची चर्चा सुरू झाली आणि धरलेली कपात भावातून बाहेर निघाली. "फेड कापणार म्हणजे लाँग बॉन्ड घ्या" म्हणून शिरलेले लोक कपात बरोबर ओळखूनही तोट्यात गेले. याच्या बरोबर उलट २००४ ते २००६, फेडने सलग १७ वेळा वाढवून दर १ टक्क्यावरून ५.२५ वर नेला आणि लांबचं यील्ड त्यामानाने जेमतेम हललं. तेव्हाचे फेडचे प्रमुख ॲलन ग्रीनस्पॅन यांनी २००५ च्या फेब्रुवारीत हे कोडं असल्याचं जाहीरपणे बोलून दाखवलं होतं.

भारतातलं आणखी एक उदाहरण, ६ जून २०२५. रिझर्व्ह बँकेने रेपो अर्धा टक्का कमी करून ५.५० केला, बहुतेकांनी पाव टक्का धरला होता, वरून सीआरआर (बँकांनी रिझर्व्ह बँकेकडे ठेवायच्या रोकडीचं प्रमाण) चार हप्त्यांत पूर्ण एक टक्का कमी. एवढं घसघशीत मिळालं तर बॉन्डवाल्यांनी नाचायला पाहिजे होतं. झालं काय, तर आधी यील्ड खाली गेलं, मग लोकांनी स्टेटमेंट पुढे वाचलं, त्यात स्टान्स म्हणजे पुढचा कल "अकोमोडेटिव्ह" (दर कमी करण्याकडे झुकलेला) वरून "न्यूट्रल" (कुठल्याच बाजूला नाही) केला होता आणि आता इथून पुढे फार वाव उरला नाही असंही सांगितलं होतं. म्हणजे जे द्यायचं ते दिलं, पुढचं मागू नका. १० वर्षांचं यील्ड आदल्या दिवसापेक्षा वर बंद झालं आणि ऑगस्टपर्यंत साडेसहाच्या वर गेलं. शेअर बाजार मात्र त्या दिवशी खूश होता. एकाच निर्णयावर दोन बाजारांनी दोन वेगळे निकाल दिले आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, कारण शेअरवाल्याला कर्ज स्वस्त होणं आणि बँकांकडे पैसा येणं दिसत होतं आणि बॉन्डवाला पुढच्या कपाती मोजत होता ज्या आता लगेच येतील असं दिसत नव्हतं.

म्हणून आमच्याकडे आकड्यापेक्षा शब्द जास्त वाचले जातात. फेडचा निर्णय वॉशिंग्टनच्या वेळेने दुपारी दोनला येतो, प्रेस कॉन्फरन्स अडीचला. दोन वाजता पहिली उडी मशीन मारतात, मागचं स्टेटमेंट आणि आताचं शेजारी ठेवून कुठला शब्द गळला, कुठला आला एवढंच बघून. काही शब्दांच्या फरकावरून सुतावरून स्वर्ग गाठला जातो आणि त्या पहिल्या काही मिनिटांत खरेदी-विक्रीच्या भावातलं अंतर इतकं वाढतं की स्टॉपलॉस (ठरलेल्या भावाला आपोआप विकायची सूचना) लावलेल्यांचे सौदे भलत्याच भावाला कापले जातात. मग अडीचला प्रमुख बोलायला लागतात आणि बऱ्याचदा दोनची उडी पूर्ण पुसली जाते. माझा स्वतःचा नियम साधा आहे, पहिला अर्धा-पाऊण तास काही करायचं नाही, फक्त २ वर्षांचं यील्ड कुठे बसतंय ते बघायचं. पुढच्या दोन वर्षांत पॉलिसी रेट कुठे जाईल याचं बाजाराचं मत त्या एका आकड्यात सगळ्यात स्वच्छ दिसतं. दर कापला आणि २ वर्षांचं यील्ड वर गेलं तर बाजाराने ती कपात "कडक" म्हणून घेतली, टीव्हीवर काहीही चालू असू दे. तिमाहीतून एकदा फेड सदस्यांचे अंदाज ठिपक्यांच्या तक्त्यात येतात, त्या डॉट प्लॉटवर लोक फार चर्चा करतात, मला विचाराल तर तो तक्ता म्हणजे त्या दिवशीचं मत असतं, वचन नसतं. २०२१ च्या डिसेंबरमधले ठिपके २०२२ साठी तीन छोट्या वाढी दाखवत होते, आणि प्रत्यक्षात वर्षअखेर दर शून्याजवळून ४.२५–४.५० वर गेला.

शेअरकडे वळू. शेअरवर व्याजदराचा परिणाम तीन वाटांनी होतो आणि तिन्ही एकाच दिशेला जातीलच असं नाही, ओढाताण तिथे आहे. पहिली वाट हिशोबाची, भविष्यातल्या नफ्याची आजची किंमत काढताना दर भागाकारात खाली बसतो. १० वर्षांनी मिळणारे १०० रुपये ६ टक्के दराने आज ५५.८४ चे, ९ टक्क्यांनी ४२.२४ चे. २० वर्षांनी मिळणारे १०० रुपये ६ टक्क्यांनी ३१.१८ आणि ९ टक्क्यांनी १७.८४, म्हणजे जवळजवळ ४३ टक्के किंमत नुसत्या भागाकारात गेली, कंपनीत काहीही बिघडलेलं नसताना. म्हणून ज्या कंपन्यांचा नफा "पुढे कधीतरी" येणार असतो त्या दरवाढीत जास्त मार खातात. २०२२ मध्ये एस अँड पी ५०० सुमारे १९ टक्के पडला आणि टेक कंपन्यांनी भरलेला नॅस्डॅक सुमारे ३३ टक्के, त्यामागे हेच मोठं कारण होतं. दुसरी वाट नफ्याची, कर्जाचं व्याज, लोकांची खरेदीची ऐपत, ही सावकाश चालते. तिसरी वाट पर्यायाची, एफडी आणि सरकारी बॉन्डवरच चांगलं व्याज मिळत असेल तर जोखीम कशाला घ्यायची, हा साधा प्रश्न.

पण या तिन्हींच्या वर एक प्रश्न असतो, सेंट्रल बँक दर का कमी करतेय? महागाई आटोक्यात आली म्हणून आरामात कापतेय की काहीतरी मोडलंय म्हणून घाईघाईने? ३ जानेवारी २००१ ला फेडने बैठक नसताना अचानक अर्धा टक्का कापला, नॅस्डॅक एका दिवसात १४ टक्के वर. त्या वर्षी एकूण ११ वेळा कपात झाली, आणि ऑक्टोबर २००२ पर्यंत तोच नॅस्डॅक त्या उसळीच्या दिवसाच्या निम्म्याहून खाली होता. सप्टेंबर २००७ ला पुन्हा अर्धा टक्का, बाजार खूश, पुढच्याच महिन्यात शिखर गाठलं आणि मार्च २००९ पर्यंत एस अँड पी निम्म्याहून जास्त खलास, दर तोपर्यंत शून्याला टेकलेला. ३ मार्च २०२० ला तातडीची कपात झाली तेव्हा तर त्याच दिवशी बाजार जवळपास तीन टक्के पडला, कारण लोकांनी "यांना आपल्यापेक्षा जास्त काहीतरी दिसतंय" असाच अर्थ काढला. याउलट १९९५ ची कपात अर्थव्यवस्था धडधाकट असताना आली आणि पुढची काही वर्षं शेअर पळत राहिले. त्यामुळे "कपातीनंतर सरासरी इतके टक्के परतावा" असे तक्ते फिरतात ना, त्यांच्याकडे मी बघतच नाही, आजाऱ्याला दिलेलं आणि धडधाकट माणसाला दिलेलं औषध एकत्र करून काढलेली ती सरासरी असते. आणखी एक, बँकांचे शेअर. दरवाढ म्हणजे बँकांना फायदा असं सरसकट धरतात, ते सुरुवातीला खरं असतं कारण फ्लोटिंग म्हणजे बदलत्या दराच्या कर्जांचे दर लगेच वाढतात आणि ठेवींचे सावकाश, पण नंतर ठेवीदार जागे होतात आणि हातातले जुने कमी व्याजाचे बॉन्ड तोट्यात जातात.

करन्सीचं पुस्तकी उत्तर असं की दर वाढवले की पैसा त्या देशात येतो आणि चलन वर जातं. साधारण खरं आहे, पण पैसा येतो तो व्याजाच्या फरकासाठी, आणि त्यातला बराचसा उसना असतो. जपानमध्ये वर्षानुवर्षं दर शून्याजवळ होते, मग तिथून येन उचलायचे, डॉलरमध्ये किंवा आणखी कुठे जास्त व्याजावर लावायचे, फरक खिशात, याला कॅरी ट्रेड म्हणतात. येन पडत राहिला तर फरकावर आणखी नफा, म्हणून सगळे बिनधास्त. जुलै २०२४ च्या सुरुवातीला डॉलर जवळपास १६२ येनचा झाला होता. ३१ जुलैला बँक ऑफ जपानने दर वाढवून ०.२५ टक्के केला, आकडा बघाल तर हसायला येईल, पुढे आणखी वाढवू असा सूर लावला, आणि दोनच दिवसांनी अमेरिकेत बेरोजगारी ४.३ टक्के आली, म्हणजे तिकडे कपातीची शक्यता वाढली. दोन्हीकडून फरक आवळला. आधीच उल्हास त्यात फाल्गुन मास. येन उसळला, उसने घेतलेल्यांना ते परत करायला येन विकत घेणं भाग पडलं, त्याने येन आणखी चढला, आणि त्यासाठी हाताला लागेल ते विकलं गेलं. ५ ऑगस्टला जपानचा शेअर इंडेक्स निक्केई एका दिवसात १२.४ टक्के पडला आणि दुसऱ्या दिवशी १० टक्क्यांहून जास्त वर आला. ७ तारखेला जपानच्या डेप्युटी गव्हर्नरनी बाजार अस्थिर असताना दर वाढवणार नाही असं सांगितलं तेव्हा धग कमी झाली. पाव टक्क्याने एवढं होत नाही हो, पाव टक्क्यामागे किती जण एकाच बाजूला उभे होते त्याने होतं. म्हणून पॉलिसीच्या आधी मी अंदाज कमी वाचते आणि गर्दी कुठल्या बाजूला आहे ते जास्त बघते.

उलटं टोक तुर्कीचं. महागाई वाढत असताना सप्टेंबर ते डिसेंबर २०२१ मध्ये दर १९ वरून १४ टक्के केला, लिरा त्या काळात निम्म्यावर आला, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये महागाई ८५ टक्क्यांवर. पण तिथला शेअर इंडेक्स २०२२ मध्ये लिरामध्ये जवळपास तिप्पट झाला, कारण नोटा धरून ठेवण्यापेक्षा कंपनीचा तुकडा बरा असं लोकांना वाटलं. "दर कमी, बाजार वर" हे वाक्य तिथेही अक्षरशः खरं ठरलं म्हणायचं.

सोन्याबद्दल थोडक्यात, सोनं व्याज देत नाही म्हणून महागाई वजा करून उरणारा खरा दर वाढला की सोनं मंदावतं, हा नियम बरीच वर्षं छान चालला. २०२२ पासून मात्र खरे दर चढूनही सोनं पडलं नाही, उलट वर गेलं, कारण २०२२ ते २०२४ मध्ये सेंट्रल बँका स्वतःच वर्षाला हजार टनांहून जास्त सोनं घेत होत्या. त्यामुळे सध्या रेट बघून सोन्याचा सौदा करणं मला पटत नाही.

आणि एक बाजू जिच्याबद्दल पॉलिसीच्या दिवशी कुणी बोलत नाही, ती म्हणजे दरवाढीचा खरा फटका निर्णयाच्या दिवशी दिसत नाही, तो महिने-वर्षाने कुठल्यातरी कोपऱ्यात फुटतो, जिथे कुणीतरी उसन्या पैशावर किंवा मुदतींचा मेळ न घालता बसलेलं असतं. अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेने दर शून्याजवळ असताना ठेवी लांब मुदतीच्या बॉन्डमध्ये घातल्या. वर ३० वर्षांच्या बॉन्डचं जे गणित मांडलं तेच त्यांच्याकडे अब्जावधींमध्ये चाललं होतं. ८ मार्च २०२३ ला २१ अब्ज डॉलरचे रोखे विकून १.८ अब्ज तोटा झाल्याचं सांगितलं, दुसऱ्या दिवशी ठेवीदारांनी ४२ अब्ज काढले, १० तारखेला बँक बंद. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२२ ला सरकारने पैसा कुठून आणणार हे न सांगता करकपाती जाहीर केल्या, ३० वर्षांचं यील्ड काही दिवसांत ५ टक्क्यांच्या वर गेलं, पेन्शन फंडांनी डेरिव्हेटिव्हमधून उसनवारी केली होती त्यांना मार्जिन (तारण म्हणून जादा रोकड) भरायची वेळ आली, त्यासाठी त्यांनी बॉन्ड विकले, त्याने यील्ड आणखी वर. २८ तारखेला बँक ऑफ इंग्लंडला स्वतः खरेदीला उतरावं लागलं, ज्या बँकेने सहाच दिवसांपूर्वी दर वाढवला होता आणि जी बॉन्ड विकायला निघाली होती.

आता तुमचा दुसरा प्रश्न, पॉलिसीच्या आधी डेट फंड घ्यावा का. निर्णयावर पैज म्हणून घेऊ नका, वरचं ८० टक्क्यांचं गणित पुन्हा बघा. तुम्हाला पैसे कधी लागणार हे आधी ठरवा आणि मग फंडाच्या फॅक्टशीटमध्ये मॉडिफाइड ड्युरेशन (यील्ड एक टक्का हललं तर किंमत साधारण किती टक्के हलेल तो आकडा) लिहिलेलं असतं ते शोधा, परताव्याच्या तक्त्याच्या आधी ते. ते ७ असेल आणि यील्ड अर्धा टक्का वाढलं तर ढोबळमानाने साडेतीन टक्के किंमत जाणार, आणि फंडाचं यील्ड वर्षाला ७ टक्के असेल तर तेवढं भरून यायला सहा महिने लागणार. हेच ड्युरेशन १ असेल तर अर्धा टक्काच जातो आणि तो महिनाभरात निघून येतो. पैसे वर्षभरात लागणार असतील तर ७ वाल्या फंडाकडे बघूच नका, कपात कितीही पक्की वाटत असली तरी. ७-८ वर्षं लागणार नसतील तर पाव टक्का या महिन्यात येतो की पुढच्या, याने तुम्हाला जवळपास काहीच फरक पडत नाही, घेताना यील्ड किती मिळालं त्याने पडतो.